मोककाकांच्या घरचा वाटा

त्या सकाळी आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ कुणीतरी काढलेला होता, पण वाकडातिकडा. मी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी होते आणि बघताक्षणी नवऱ्याला, डॅनियलला म्हटलं, "हा मोककाकांचा हात नव्हे रे." शेजारचे मोककाका बर्फ काढायचे तो पट्टी लावून आखल्यासारखा. आयुष्यभर एका इंजिनियरिंग कंपनीत नकाशे काढले होते त्यांनी, ते बर्फातही दिसायचं. आपला ड्राइव्हवे झाला की आमच्या बाजूलाही फावड्याच्या रुंदीचा एक पट्टा साफ करून ठेवायचे. वयाची ऐंशी उलटल्यावरही. "काका, राहू द्या हो, डॅनियल करेल शोव्हल," असं मी दरवर्षी म्हणायचे आणि ते दरवर्षी ऐकू न आल्याचं सोंग करायचे. त्या दिवशी मात्र तो पट्टा मध्येच रुंद, मध्येच अरुंद, कुठे कुठे तर गवतात शिरलेला... आणि तेवढ्यात बेल वाजली. दारात त्यांची मुलगी ग्रेस, अंगात वडिलांचा ढगळ कोट, हातात फावडं. "आंटी, डॅड गेले. पहाटे, झोपेतच," ती म्हणाली. आणि मग हातातल्या फावड्याकडे बघत, "काय करावं सुचेना, म्हणून बर्फ काढला. तुमचाही काढलाय. ते काढायचे ना..." मी तिला बुटांसकट आत ओढली. त्या दिवशी फरशीवर पाण्याचं तळं झालं तरी मला त्याचं काही वाटलं नाही.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. फेब्रुवारी संपला, मार्च संपला, टोरोंटोजवळच्या मार्कहॅममधल्या आमच्या गल्लीच्या कडेचे मळके ढीगसुद्धा वितळून गेले. लोक विचारतात, "शेजारीच ना ते तुमचे? चिनी ना?" हो, शेजारीच. आणि चिनी. पण मला विचाराल तर ते आधी गावकरी होते. कुठल्याही देशातला, कुठल्याही भाषेतला गावकरी असतो ना, अगदी तसे. मनात सतत गाव, बोलण्यात गाव, आणि कुणी नवीन भेटलं की पहिला प्रश्न, "तुम्ही कुठले?"

आम्ही स्कारबरोच्या अपार्टमेंटमधून इथे राहायला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी मला हा प्रश्न विचारला. मी म्हटलं, मुंबई. "नाही, नाही," ते म्हणाले, "मुंबई तर शहर. गाव कुठलं?" मी म्हटलं, आमचं आडनाव चौलकर, म्हणजे चौल गावचे. नवऱ्याचे पूर्वज तिथले. आम्ही मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्राएल; कोकणात समुद्राकाठच्या गावागावांतून राहायचो, तेलाचे घाणे चालवायचो आणि ज्या गावी राहिलो त्या गावाचं आडनाव लावायचो. हे ऐकून मोककाकांना असा काही आनंद झाला की विचारू नका. टोपी मागे सारून म्हणाले, "म्हणजे तुमच्या आडनावात गाव आहे! आणि आमच्या गावात आडनाव आहे!" मला काही कळेना. तेव्हा त्यांनी फावडं उलटं धरलं आणि त्याच्या दांड्याने, आमच्या ड्राइव्हवेवर नुकत्याच पडलेल्या बर्फात, मला त्यांचं गाव काढून दाखवलं.

अजून डोळ्यांसमोर आहे तो नकाशा. पुढे अर्ध्या भाकरीच्या आकाराचं तळं. तळ्याच्या एका टोकाला वडाचं झाड, त्याखाली बसायचे दगड. तळ्यापलीकडे भातशेती. तळ्याच्या अलीकडे मोकळं अंगण, धान्य वाळवायला, आणि त्याच्या मागे घरांच्या रांगा, कंगव्याच्या दातांसारख्या सरळ, मधल्या बोळांतून दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं. पुढच्या रांगेत मधोमध पूर्वजांचं घर. तिथे कुणी राहत नाही, तिथे गेलेल्यांची नावं असतात आणि उदबत्त्या असतात. मागे बांबूचं बन, टेकडी, टेकडीवर कबरी. आणि कोपऱ्यात एक उंच चौकोनी बुरूज, लहान लहान लोखंडी खिडक्यांचा. तो दरोडेखोरांपासून लपायला. परदेशी गेलेल्या लोकांनी घाम गाळून पाठवलेल्या पैशांतून बांधलेला, सिमेंटसुद्धा बाहेरून आणलेलं. मोककाकांचे आजोबा त्यातलेच एक. तरुणपणी कॅनडात आले, लोकांचे कपडे धूत म्हातारे झाले, बायकोला कधी इकडे आणता आलं नाही. "बुरुजाच्या तिसऱ्या मजल्यावरची एक भिंत माझ्या आजोबांची," मोककाका म्हणायचे. बुरूज अख्खा गावाचा, पण ती भिंत आजोबांची!

आणि त्या गावात राहणारा प्रत्येक माणूस मोक. दक्षिण चीनच्या त्या भागात अशीच गावं असतात म्हणे, एका गावात एकच कूळ, सगळे एकाच पूर्वजाचे. मी म्हटलं, "सगळेच मोक? मग पोस्टमन काय करत असेल हो?" ते म्हणाले, "पोस्टमनही मोक. त्याला सगळे ठाऊक." आणि मग त्यांनी मला जी गंमत सांगितली ती मी पुढे कितीतरी जणांना सांगितली आहे. तिथे पुरुषांच्या नावात एक शब्द पिढीचा असतो. एका पिढीच्या सगळ्यांच्या नावात तोच शब्द. त्यामुळे नाव ऐकलं की कळतं, हा आपला भाऊ लागतो, काका लागतो की पुतण्या. वयाचा संबंध नाही. काही घरांत पिढ्या भराभर पुढे सरकतात, काही घरांत सावकाश. मोककाका लहान असताना शेजारच्या घरी एक बाळ जन्मलं, ते पिढीने त्यांचे आजोबा लागायचं. "मी त्याची दुपटी वाळत घातली आहेत," ते हसत हसत सांगायचे, "आणि रोज सकाळी त्याला वाकून आजोबा म्हणालो आहे."

सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही? चौल नवऱ्याचं गाव. तुमचं जन्माचं?" मी म्हटलं, किहीम. माहेरची मी किहीमकर. लग्न झालं आणि चौलकर झाले. ते जरा वेळ बर्फातल्या त्या रेघांकडे बघत राहिले. म्हणाले, "आमच्याकडेही मुलीचं तसंच. लग्न झालं की ती दुसऱ्या गावची." आणि फावडं उचलून चालू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडून मोठ्याने हाक आली, "किहीम! आज संध्याकाळी आणखी बर्फ आहे, गाडी आत घ्या!" तेव्हापासून मी किहीम. बँकेत चौलकर, ऑफिसात मिसेस सी, सिनेगॉगमध्ये डॅनियलची बायको, आणि कुंपणापाशी किहीम. माझी आई गेल्यापासून त्या गावाचं नाव माझ्याशी जोडणारं कुणी उरलं नव्हतं. किहीमचं आमचं घर बंद आहे, भाऊबहिणी केव्हाच इस्राएलला गेले. आणि इथे ओंटारियोत हा चिनी म्हातारा रोज सकाळी मला माझ्या गावाच्या नावाने हाका मारत होता. मला ते फार आवडायचं. कधी बोलून दाखवलं नाही, पण फार आवडायचं.

आता मांसाची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. एप्रिलमध्ये चिनी लोकांचा पूर्वजांच्या कबरी साफ करायचा सण येतो. इथे टोरोंटोकडे असलेल्या मोक मंडळींचं एक छोटंसं मंडळ आहे, ती सगळी त्या दिवशी कब्रस्तानात जातात, गवत उपटतात, फुलं ठेवतात, अख्खं भाजलेलं डुक्कर पूर्वजांपुढे ठेवतात आणि मग ते कापून घरी नेतात. आमच्या पहिल्याच वसंतात मोककाका त्या दिवशी संध्याकाळी निळ्या काठाची थाळी घेऊन आले. थाळीत चकचकीत तांबूस सालीचे तुकडे, एकसारखे, एका मापाचे. आता आम्ही ज्यू माणसं, आम्हाला डुक्कर वर्ज्य. पण समोर म्हातारा माणूस, दोन्ही हातांत थाळी, चेहरा असा उजळलेला... माझ्या तोंडून "थँक यू" निघून गेलं आणि थाळी माझ्या हातात आली. डॅनियल मागून ओरडला, "अगं बाई, हे काय घेऊन आलीस घरात!" घरात ठेवायचं नाही, फेकायचं तर मुळीच नाही, अन्न ते. शेवटी थाळी गेली गॅरेजमध्ये, नुकत्याच काढलेल्या विंटर टायर्सच्या थप्पीवर, आणि दुसऱ्या दिवशी डॅनियलच्या ऑफिसातल्या एका फिलिपिनो मित्राच्या घरी. त्या मित्राने डॅनियलला मिठी मारली म्हणे. मोककाकांनी विचारलं, "साल कशी होती? कुरकुरीत?" तर आमचे हे शहाणे म्हणाले, "एक्सलंट!" झालं. पुढच्या वर्षी थाळीत दुप्पट.

ते पितळ उघडं पाडलं ग्रेसने. आमच्याकडे शिडी मागायला आली आणि गॅरेजमध्ये टायरवर वडिलांची भरलेली थाळी बघून जी हसत सुटली की तिला खाली बसावं लागलं. ग्रेस म्हणजे मोककाकांची एकुलती एक. फार्मासिस्ट, लग्न केलं नाही, आई गेल्यावर आपला कॉन्डो विकून वडिलांकडे राहायला आली. तिने घरी जाऊन सांगितलं. तासाभरात मोककाका आमच्या दारात, चेहरा गंभीर. मी मनात म्हटलं, आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "किहीम, आधी का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून." तेव्हा ते सोफ्यावर बसले आणि त्यांनी मला समजावून सांगितलं. ते खाणं नव्हे. तो वाटा. गावात टेकडीवरच्या कबरींपुढे ठेवलेलं डुक्कर खाली आणून कापायचे, आणि गावातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने एक वाटा काढायचे. पाळण्यातल्या पोराचाही वाटा, अंथरुणावरच्या म्हाताऱ्याचाही. दूर देशी गेलेल्याचाही निघायचा, तो त्याच्या घरच्या माणसाने घ्यायचा. आजोबा कॅनडात कपडे धूत होते तेव्हा गावात त्यांचा वाटा आजी घेऊन यायची. ज्याला गावाने टाकलं, त्याचाच तेवढा वाटा बंद. "तुम्हाला आवडलं की नाही, तो प्रश्नच नाही," ते म्हणाले. "तुम्ही मोजलेले आहात, एवढाच त्याचा अर्थ." आणि मग लगेच, नकाशा काढणाऱ्या माणसाच्या काटेकोरपणे, "तुम्हाला चालतं काय?" मी म्हटलं, मासा चालतो, पर आणि खवले असलेला. त्या वर्षापासून दर एप्रिलला त्याच निळ्या काठाच्या थाळीतून आमच्याकडे वाफवलेला मासा येऊ लागला, वर आलं आणि कांद्याची पात. डॅनियलचा मित्र मात्र हळहळला.

थाळी रिकामी परत करायची पद्धत आमच्याकडे नाही, त्यांच्याकडेही नव्हती. मी कधी करंज्या घालायचे, कधी नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा. पण खरी गोष्ट घडली ती मलिद्याच्या दिवशी. आमच्यात काही चांगलं झालं, नवस फिटला की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओला नारळ, वर फळं, आणि एलियाहू नबीचं नाव घेऊन प्रार्थना झाली की तो सगळ्यांना वाटायचा. डॅनियलचं हार्टचं ऑपरेशन नीट पार पडलं म्हणून आम्ही केला होता. मोककाका आणि ग्रेस दोघंही आले. प्रार्थना झाल्यावर मी ताटल्या देऊ लागले. दाराशी ग्रेस बसली होती, म्हणून पहिली ताटली तिला. मोककाका बघत होते. हळूच म्हणाले, "हिलाही?" मी म्हटलं, "हिलाही म्हणजे? सगळ्यांना. बाईमाणूस, पोरंटोरं, शेजारी, जो दारात असेल तो." ते हातातली ताटली तशीच धरून बसले. मग म्हणाले, "आमच्यात मुलीच्या नावाने वाटा काढत नाहीत." ग्रेस चटकन म्हणाली, "डॅड, इट्स ओके." तिच्या त्या ओकेमध्ये काय होतं ते मला बाईमाणसाला लगेच कळलं.

पुढे अंगणात टोमॅटोची रोपं लावता लावता त्यांनी मला मन मोकळं करून सांगितलं. वडिलांना कब्रस्तानात गाडीने नेणारी ग्रेस, आईच्या कबरीवरचं गवत उपटणारी ग्रेस, मंडळाच्या वीसेक म्हाताऱ्यांना चहा देणारी ग्रेस. पण वाटे काढताना नाव पुकारायचं ते मोककाकांचं. तिला खायला कुणी नको म्हणत नव्हतं, टेबलावर बसून हवं तेवढं खा. पण तिच्या नावाने वाटा नाही. म्हणजे मोककाका गेले की त्या घराचं नाव पुकारणं संपलं. "आजोबांपासून कधी खंड पडला नाही," ते म्हणाले. "आजोबा परदेशात होते तेव्हा नाही, मी परदेशात आलो तेव्हा नाही. माझ्यानंतर पडेल." मी म्हटलं, "मग बोला ना मंडळात!" यावर ते असे हसले की मला वाटलं मी काहीतरी बावळटासारखं बोलले. मंडळाचा मुख्य होता विन्स्टन. विन्स्टनला तुम्हीही पाहिला असेल, मार्कहॅममध्ये बसस्टॉपच्या बाकांवरच्या जाहिरातींत दात दाखवत हसणारे जे रिअल इस्टेटवाले असतात, त्यातला एक. वय असेल पंचेचाळीस. पण पिढीने तो मोककाकांचा काका! तो खोलीत आला की हे उठून उभे राहायचे. आता काकाला उलट बोलायचं कसं? मला हसूही येई आणि रागही. मी म्हणायचे, "त्याच्या बाकावर आपण रोज बसतो, आणि तुम्ही त्याला बघून उठता!" ते म्हणत, "बाकावर बसा की. तो बाकावरच्या फोटोत काका नाही, समोर आला की काका आहे."

गेल्या शरदात ग्रेस त्यांना गावाला घेऊन गेली. शेवटचं म्हणून. तिकडे शरदातही कबरींवर जायचा एक सण असतो, तो साधून. जाताना मोककाका जरा घाबरलेलेच होते. मला म्हणाले, "तळं बुजवलं असेल, वड पाडला असेल." परत आले आणि विमानतळावरून घरी आल्यावर बॅगा दारातच टाकून, कोट न काढता, सरळ आमच्या किचनमध्ये. "किहीम! ऐका!" मी म्हटलं, आधी बसा, चहा घ्या. छे. उभ्यानेच सुरू. तळं आहे, वड आहे, बुरूज आहे. बुरुजात आता वटवाघळं आहेत आणि आजोबांची भिंत शाबूत आहे. घरांना मात्र कुलपं. निम्मं गाव कॅनडा-अमेरिकेत, उरलेलं शहरात. मागे राहिलेत ते म्हातारे, आणि त्यातही म्हाताऱ्या जास्त. टेकडीवर कबरी साफ करायला निघाल्या त्या बायकाच, खांद्यावर कुदळी घेऊन, आणि डुक्कर गेलं तीनचाकी टेम्पोतून. वाटे कापायला बसली ती एक साठीची बाई. आणि ती नावं पुकारू लागली तर त्यात बायकांची नावं! लग्न होऊन गेलेली, विधवा होऊन परत आलेली, शहरात नोकरी करणारी, सगळ्यांची. मोककाकांनी घाबरत घाबरत विचारलं, हे कधीपासून? तर ती बाई म्हणाली, "कुठल्या जमान्यात आहात आजोबा? केव्हापासून! पुरुष राहिलेत कुठे? आम्ही नाही नेलं तर डुक्कर काय आपणहून टेकडी चढेल?" आणि त्यांच्या मुलीला जवळ बोलावून, नाव विचारून, लाल पिशवीत घालून एक वाटा दिला.

हे सांगताना मोककाका इतके हसत होते की डोळ्यांतून पाणी. "इथे टोरोंटोत आम्ही नियम सांभाळत बसलोय," ते म्हणाले, "आणि गावाने तो केव्हाच सोडून दिलाय! आणि कळवायचंही कुणाला सुचलं नाही!" ग्रेस मागे दाराशी उभी होती. मी तिला विचारलं, "काय केलंस गं त्या वाट्याचं?" ती म्हणाली, "खाल्ला. वडाखाली बसून, सगळाच्या सगळा. डॅडना एक घासही दिला नाही." मग तीही हसली. मी त्या मुलीला इतकी वर्षं ओळखते, पण अशी हसताना त्या आधी फक्त गॅरेजमध्ये पाहिली होती.

पण गावात वाटा मिळाला म्हणजे इथे मिळेल असं थोडंच आहे? इथे विन्स्टनकाका आणि त्यांचं मंडळ. चिनी नववर्षाच्या जेवणाला मंडळाचे सगळे एका रेस्टॉरंटमध्ये जमतात. तिथे काय झालं ते मला आधी ग्रेसने सांगितलं आणि मग मोककाकांनी, आणि दोघांचं सांगणं जुळलं म्हणून विश्वास ठेवते. विन्स्टन आत आला, मोककाका नेहमीप्रमाणे उठून उभे राहिले. विन्स्टन म्हणाला, बसा, बसा. ते बसेनात. म्हणाले, "काकांना एक विचारायचं आहे." आणि गावची सगळी हकीगत सांगून विचारलं, ग्रेसच्या नावाने वाटा निघेल का? विन्स्टन म्हणाला, कमिटीत ठेवू, तुम्ही बसा. मोककाका म्हणाले, "काका उत्तर देत नाहीत तोवर पुतण्याने बसायचं कसं?" सूप आलं, सूप निवलं. मासा आला. एक शहाऐंशी वर्षांचा माणूस हात जोडल्यासारखा उभा, आणि त्याच्यापुढे बसलेला पंचेचाळीस वर्षांचा काका घास गिळू शकेना. आसपासचे सगळे बघायला लागले. अखेर विन्स्टन म्हणाला, "बरं, बरं, एप्रिलमध्ये बघू! आता बसा!" तेव्हा मोककाका बसले आणि म्हणे भरपूर जेवले. मला सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर इतका खट्याळपणा होता... मी म्हटलं, "काका, तुम्ही त्याला त्याच्याच मानाने पकडलंत हो!" ते म्हणाले, "मान दिला. एवढंच केलं." त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती बर्फाची सकाळ आली.

म्हणून या एप्रिलला मी ग्रेसबरोबर कब्रस्तानात गेले. तिने बोलावलं म्हणून, आणि खरं सांगायचं तर, मला विन्स्टनचा तो "बघू" स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. मनात भांडणाची पूर्ण तयारी. मोककाकांची कबर अजून नवी, बायकोच्या शेजारी. ग्रेसने फुलं ठेवली, चहा ओतला. आमच्यात फुलं नाहीत, आम्ही कबरीवर खडा ठेवतो, आलो होतो एवढं सांगायला. मी एक ठेवला. मग डुक्कर कापायला घेतलं. इतकी वर्षं ते काम मोककाकांचं, त्यामुळे आता सुरा धरला विन्स्टनने, आणि देवा रे! सालीचा चुरा, एक तुकडा एवढा, एक तेवढा. म्हातारे एकमेकांकडे बघत होते. मला मोककाकांच्या थाळीतले ते एका मापाचे तुकडे आठवले.

मग नावं पुकारायला सुरुवात झाली. विन्स्टन एकेक नाव घेई, माणूस पुढे येई, लाल पिशवी घेई. आणि सवयीने, दरवर्षीच्या क्रमाने, त्याने मोककाकांचं नाव पुकारलं. कुणीच पुढे आलं नाही. विन्स्टनचा चेहरा पांढराफटक पडला. ग्रेस माझ्या शेजारी, हात कोटाच्या खिशात, हलेना. मला वाटलं आता हा माफी मागेल आणि पुढचं नाव घेईल, आणि झालं, संपलं. पण त्या बाकावरच्या फोटोवाल्याने पिशवी खाली ठेवली नाही. तो ग्रेसकडे बघून म्हणाला, आधी त्यांच्या भाषेत, आणि मग कदाचित माझ्यासाठी इंग्लिशमध्येही, "दूर गेलेल्या माणसाचा वाटा त्याच्या घरच्या माणसाने घ्यायचा असतो." ग्रेस पुढे गेली, तिने दोन्ही हातांनी पिशवी घेतली. ती वळणार तोच तो म्हणाला, "थांब." आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पुकारलं, "मोक ग्रेस." मी तर कब्रस्तानात टाळ्याच वाजवल्या. एकटीनेच. मग एका म्हाताऱ्याने वाजवल्या. मग बऱ्याच जणांनी. भांडायची सगळी तयारी फुकट गेली याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

संध्याकाळी आम्ही चहा घेत होतो तर बेल वाजली. डॅनियल दार उघडायला गेला आणि तिथूनच ओरडला, "अगं, थाळी आली! कुठे ठेवू, विंटर टायर्सवर?" मी धावत गेले. दारात ग्रेस, हातात निळ्या काठाची तीच थाळी, वाफवलेला मासा, वर आलं, कांद्याची पात. पात जरा जाडसर कापलेली होती, वडिलांचा हात यायला तिला थोडा वेळ लागेल. येईल. मला वाटलं होतं हे आता संपलं. ज्याने आम्हाला मोजलं तो माणूस गेला, आता कोण मोजणार? मी थाळीला हात लावला तरी ग्रेस ती सोडेना. म्हणाली, "डॅडनी सांगून ठेवलं होतं, हे घर विसरायचं नाही." मग थाळी माझ्या हातात दिली.

थाळी सध्या माझ्या सिंकशेजारी धुऊन ठेवलेली आहे. रविवारी मलिदा करतेय, नवस काही नव्हता, पण मला करावासा वाटतोय. ती भरूनच परत जाईल. त्या दिवशी पायऱ्या उतरून ग्रेस आपल्या ड्राइव्हवेपर्यंत गेली, मध्येच थांबली, मागे वळली आणि कुंपणापलीकडून मोठ्याने म्हणाली, "किहीम आंटी, मासा गरम आहे तोवर खा हं!"